दौलत सांभाळणारी सून

घरांत नवी सून आली म्हणजे तिच्या हातीं काय सोंपवावें? बहुतेक घरीं स्वैंपाकघर सोंपविलें जातें. फार तर कोठीच्या किल्ल्या मिळतात. जमाखर्चाची वही मात्र बैठकींतच राहते. सुमारें पावणेतीनशें वर्षांपूर्वीं मल्हारराव होळकरांनीं हा परिपाठ मोडला, आणि त्यांतून अहिल्याबाई घडल्या. सोलापूरच्या विद्यापीठास २०१९ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें. पुण्याच्या रस्त्यानें जातां-येतां तें नांव आपण वाचतों. तें ज्यांचें, त्या बाईंचें चरित्र या खेपेस पाहूं.

आपल्या करमाळ्याच्या शेजारीं जामखेड तालुक्यांत चौंडी म्हणून गांव आहे. तेथें १७२५ सालीं माणकोजी शिंदे पाटलांच्या घरीं अहिल्याबाई जन्मल्या. आठव्या वर्षीं मल्हाररावांचे एकुलते चिरंजीव खंडेराव यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत खंडेराव पडले. त्यांच्या इतर स्त्रिया सती गेल्या; अहिल्याबाईही निघाल्या होत्या, परंतु म्हाताऱ्या सासऱ्यानें काकुळतीनें विनवून त्यांस मागें फिरविलें. जिला जगविलें तिला कोपऱ्यांत बसविलें नाहीं, हा मल्हाररावांचा खरा मोठेपणा. वसूल, हिशेब, पत्रव्यवहार, फौजेची रसद हीं कामें ते सुनेवर सोंपवीत. १७६५ सालच्या एका पत्रांत तर तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याची व दारूगोळ्याची तरतूद करण्याची आज्ञा त्यांनीं तिला केली आहे.

पुढल्याच वर्षीं मल्हारराव वारले, आणि १७६७ सालीं अहिल्याबाईंचा पुत्र मालेरावही गेला. आतां बाईंनीं एखादें मूल दत्तक घेऊन देवधर्म करीत राहावें व कारभार आपण चालवावा, असा दिवाण गंगाधर यशवंत यांचा बेत होता. त्यांच्या चिथावणीनें राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले. बाईंनीं त्यांस निरोप धाडला, असें सांगतात, कीं स्त्रियांवर जय मिळाला तर त्यांत कीर्ति नाहीं, आणि पराजय झाला तर तोंड दाखविण्यास जागा नाहीं. तुकोजी होळकर बाईंच्या बाजूनें उभे राहिले, माधवराव पेशव्यांनींही त्यांचा अधिकार मान्य केला, आणि तंटा मिटला. फौज तुकोजींकडे व मुलकी कारभार बाईंकडे अशा वांटणीनें १७९५ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षें, त्यांनीं महेश्वरीं राहून राज्य केलें.

त्यांच्या दानधर्माची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. काशीविश्वनाथाचें मंदिर १७८० सालीं त्यांनीं पुन्हां उभारलें. पंढरपुरास होळकरवाड्यांतील राममंदिर आपण पाहतोंच. परंतु हा धर्म बहुतांशीं खासगीच्या उत्पन्नांतून होई. होळकरांच्या स्त्रियांसाठीं १७३४ सालीं, सासू गौतमाबाईंच्या नांवें, वेगळें उत्पन्न लावून दिलेलें होतें, तीच ही खासगी. दौलतीचा पैसा आणि आपला पैसा यांची गल्लत त्यांनीं होऊं दिली नाहीं. ही शिस्त वही हातीं असल्यावांचून अंगीं येत नाहीं.

सिरोंजचा एक धनिक सावकार निपुत्रिक वारला, तेव्हां दत्तकास परवानगी हवी तर मोठी रक्कम भर, असें तेथील अंमलदारानें त्याच्या विधवेस बजावलें. ती महेश्वरास आली. बाईंनीं अंमलदारास काढून टाकलें, दत्तक मंजूर केला, आणि त्या मुलास मांडीवर बसवून वस्त्रालंकारांसह परत पाठविलें. माल्कम साहेबानें १८२३ सालच्या आपल्या ग्रंथांत ही हकीकत नोंदविली आहे.

दूर अमेरिकेंतही असेंच एक उदाहरण घडलें. तेथील मूळ रहिवाशांपैकीं चेरोकी राष्ट्राच्या विल्मा मॅनकिलर या १९८५ सालीं पहिल्या स्त्री-प्रमुख झाल्या. त्यांसही तें पद आधींचे प्रमुख मध्येंच सोडून गेल्यामुळें मिळालें, आणि स्त्रीच्या नेतृत्वास तेथेंही विरोध झाला. परंतु त्यापूर्वींच बेल नांवाच्या गरीब वस्तींत सुमारें सोळा मैलांची पाण्याची नळवाट त्यांनीं गांवकऱ्यांच्याच श्रमानें घालून घेतली होती. १९८७ सालीं लोकांनीं मतें देऊन त्यांसच निवडलें. अधिकारापूर्वीं काम हातीं आलें होतें, म्हणून दोघींस अधिकार पेलला.

अहिल्याबाईंच्या चरित्रांतील शेवटचें पान मात्र वाचवत नाहीं. १७९१ सालीं जांवई यशवंतराव फणसे वारले. त्यापूर्वीं नातूही गेला होता. लेक मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. बाईंनीं परोपरीनें विनविलें. तुझें वय झालें, तूं गेल्यावर मीं कोणासाठीं जगावें, अशा अर्थाचें उत्तर मुलीनें दिल्याचें माल्कम लिहितो. माता चितेपर्यंत गेली. दोघांनीं तिचे हात धरून ठेवले होते. त्यानंतर तीन दिवस तिनें जवळजवळ अन्न घेतलें नाहीं.

सासऱ्याच्या विनवणीनें सून परतली, आणि मातेच्या विनवणीनें लेक परतली नाहीं. याचें कारण मायेंत नव्हतें. सुनेपुढें दौलतीचें काम होतें. लेकीपुढें रिकामे दिवस तेवढे उरले होते. सतीची चाल कायद्यानें १८२९ सालीं बंद झाली, परंतु रिकामे दिवस कोणत्या कायद्यानें भरावयाचे? तें घरच्या वडीलधाऱ्यांनींच करावयाचें आहे. येत्या पहिल्या तारखेस जमाखर्चाची वही सुनेपुढें, आणि लेकीपुढेंही, ठेवून पाहावी.