खुराड्यातील गोचीड
परसातील कोंबडी रोडावत चालली, तिचा तुरा फिकट पडला आणि अंगावर मात्र कीड दिसत नाही, म्हणजे गृहिणीला साहजिकच खाद्याचा संशय येतो. वस्तुतः अशा वेळी रात्री विजेरी घेऊन खुराड्याच्या फटी पाहावयास हव्यात. पूर्ण वाढलेली गोचीड दिवसभर लाकडाच्या सांदीत दडून बसते व रात्री बाहेर येऊन रक्त शोषते. अन्नावाचून ती वर्षाहूनही अधिक काळ तग धरते. तेव्हा खुराडे दोन-चार महिने रिकामे ठेवल्याने काहीच साधत नाही. कोंबड्यांना स्पायरोकीटोसिस हा प्राणघातक ज्वर जडतो, तोही हिच्याच दंशाने.

पिकांवरील कीटकनाशक पक्ष्यांवर शिंपडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. चोचीने पिसे साफ करताना ते विष कोंबडीच्या पोटात जाते आणि अंड्यावाटे आपल्या मुलांच्या ताटात येऊ शकते. त्यापेक्षा पक्षी बाहेर काढून फटींत उकळते पाणी ओतावे, वाळल्यावर त्या लिंपून टाकाव्यात व वर चुन्याचा हात द्यावा. पोखरलेल्या जुन्या फळ्यांचा लोभ धरू नये, त्या सरळ जाळाव्यात. औषध लागलेच, तर ते पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच वापरावे. अंडी किती दिवस वर्ज्य करावयाची, हेही त्यांना विचारून घ्यावे.