प्राचीनतेची साक्ष आणि मुका बैल

कोणतीही रूढी प्राचीन आहे एवढे सिद्ध केले, की ती योग्य आहे हेही आपोआप सिद्ध झाले, असे मानणारे एक विलक्षण तर्कशास्त्र आपल्याकडे बळावत आहे. बैलगाडा शर्यतींचा वाद हे त्याचे ताजे उदाहरण होय. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्राने आपल्यापुरती कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींस सशर्त अनुमती मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. न्यायनिर्णय आम्हांस शिरोधार्य आहे. परंतु त्या निमित्ताने मावळात आणि खेडात जो युक्तिवाद ऐकू येतो, तो मात्र आम्हांस मान्य नाही. ‘आमच्या पूर्वजांनी बैलास पोटच्या पोराप्रमाणे जपले,’ असे एक पक्ष म्हणतो. ‘पूर्वज तर त्याला कापून खात होते, मग आताच हा कळवळा कशाला?’ असे दुसरा विचारतो. दोघेही साक्षीस भूतकाळालाच बोलावतात. तेव्हा तो साक्षीदार खरोखर काय सांगतो, हे एकदा नीट ऐकून घेतले पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी प्रभृतींनी उत्खनन केले. ही वस्ती इ. स. पू. १६०० ते ७०० च्या सुमाराची. तेथील प्राण्यांच्या हाडांत गोवंशाची हाडे मोठ्या प्रमाणात सापडली, आणि त्यांतील कित्येकांवर कापल्याच्या व भाजल्याच्या खुणा आहेत. हे ऐकून पहिल्या पक्षाने कानांवर हात ठेवू नयेत. पण दुसऱ्यानेही टाळी पिटण्याची घाई करू नये. कारण त्याच वस्तीतील एका घरात जमिनीखाली कच्च्या मातीची एक पेटी मिळाली. त्या ठेव्यात शिरोहीन देवीची मूर्ती होती, आणि तिच्यासमवेत मातीचा बैल. काडी खोवून देवीस त्या बैलावर बसविता यावे, अशी भोके दोहोंस आहेत. ज्या गावाने बैल कापला, त्याच गावाने तो देवीचे वाहन केला! दोन्ही पक्ष या ठेव्यातील अर्धाअर्धाच भाग उचलतात, आणि उरलेला अर्धा मातीत लोटून देतात.

बरे, प्राचीनता म्हणजे तरी कोणती? इ. स. पू. १००० च्या सुमारास पाऊस घटला, शेती खालावली, आणि इनामगावकर शेळ्यामेंढ्यांकडे व शिकारीकडे वळले, असा डॉ. ढवळीकरांचा निष्कर्ष आहे. ज्या परंपरेस आपण अखंड म्हणतो, ती पावसाबरोबर बदलत होती.

आता मावळाकडे वळू. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तंभांवर हत्ती आहेत, घोडे आहेत, आणि त्यांवर सुखाने बसलेली दांपत्ये आहेत. तेथेच नहपानाचा जामात उषवदात याचा लेख आहे. त्यात त्याने तीन लक्ष गाई दान दिल्याचे म्हटले आहे. दात्याचे नाव राहिले. गाईंची केवळ संख्या राहिली. शिल्प आणि शिलालेख मालकाची बाजू सांगतात. जनावराची बाजू सांगते ते हाड. दाताच्या झिजेवरून वय कळते, आणि खुरांजवळच्या हाडांवरील अस्वाभाविक वाढीवरून आयुष्यभर ओढलेला भार ओळखता येतो.

याच मावळात सुदुंबरे येथे संताजी महाराज जगनाडे यांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जातीने आणि व्यवसायाने तेली. तेल्याचा लाकडी घाणा बैलाच्या बळावर फिरे. अभंग लिहिणाऱ्या हाताची आठवण समाजाने जपली, हे योग्यच झाले. पण गावोगाव घाण्याभोवती वर्तुळात ज्यांचे आयुष्य संपले, ज्यांच्या श्रमाने देवापुढचे दिवे तेवले, त्या बैलांची आठवण आपल्या भाषेने कशी ठेवली? ‘घाण्याचा बैल’ हा शब्दप्रयोग आपण हीनत्व दाखविण्याकरिता वापरतो! कृतज्ञतेचा एवढा डांगोरा पिटणाऱ्या समाजास हे शोभते काय?

मग पुरातत्त्व निरुपयोगी म्हणावयाचे काय? मुळीच नाही. काय होते, हे ते सांगते. काय असावे, हे ते सांगत नाही, आणि सांगण्याचा आवही आणत नाही. अस्पृश्यता प्राचीन होती, बालविवाह प्राचीन होता. म्हणून आपण ते राखले नाहीत. बैलाच्या बाबतीतच प्राचीनतेची ढाल पुढे करावयाची, हा न्याय नव्हे. शर्यत असो वा नांगर, विचारावयाचा प्रश्न पूर्वजांविषयी नाही. तो समोर उभ्या असलेल्या जनावराविषयी आहे. त्याच्या पाठीवर वळ आहेत काय? त्याची शेपटी पिरगाळली जाते काय? म्हातारपणी त्यास दावणीला जागा मिळते की बाजाराची वाट? या प्रश्नांची उत्तरे देण्यास तीन हजार वर्षे खोल खणण्याचे प्रयोजन नाही. गोठ्यापर्यंत चालत गेले तरी पुरे. उद्या कोणी आपली माती उकरील, तेव्हा आपली भाषणे त्यास सापडणार नाहीत; आपल्या बैलांची हाडे सापडतील.