तीन वर्षांत काय शिकलास?

तालुक्याच्या कॉलेजात बीसीएस, बीसीए सुरू झाले आणि ‘पोरगा कॉम्प्युटरला आहे’ असे गावोगावी अभिमानाने सांगितले जाऊ लागले. जवळ सोय झाली म्हणून पोरीही शिकू लागल्या. चांगलेच झाले. पण पदवी हाती पडली की पोरगा म्हणतो, आता पुण्याला क्लास लावावा लागेल. बाप विचारतो, मग तीन वर्षांत काय शिकलास? याचे उत्तर खरे तर विद्यापीठाने द्यायचे आहे.

डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, गणित हे सारे लागतेच; ते नको असे आमचे म्हणणे नाही. पण प्रोग्राम पेपरात पेनाने लिहायचा, जर्नल एकाचे पाहून दुसऱ्याने उतरवायचे, प्रॅक्टिकलला ठरलेल्या स्लिपांतली एक सोडवायची, याला शिकणे म्हणायचे का? १९८७ साली बाजारात आलेल्या टर्बो सी वर अगदी अलीकडेपर्यंत पोरे हात बसवत होती. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्राममधली चूक शोधणे, वापरणाऱ्याला विचारून बदल करणे, हे नोकरीत रोजचे काम. त्याला मार्क किती?

साधा हिशेब घ्या. १ एकर २० गुंठे आणि १ एकर ३० गुंठे. पारावरचा म्हातारा तोंडी सांगेल, ३ एकर १० गुंठे. पोराने मात्र १.२० आणि १.३० असे भरले, तर संगणक २.५० दाखवणार आणि पोराला त्यात काही खटकणारही नाही. एकराचे गुंठे ४०, हे त्याला कोणी विचारायला लावलेलेच नसते. त्यात सातबाऱ्यावर हेक्टर-आर, जुन्या खरेदीखतात एकर-गुंठे. नाव सातबाऱ्यावर ज्ञानदेव, बँकेत ज्ञानेश्वर! २०१७ च्या कर्जमाफीत याद्यांचा काय घोळ झाला, तो शेतकऱ्यांना सांगायला नको.

२०२० च्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीला आता ऑन जॉब ट्रेनिंग आणि फील्ड प्रोजेक्ट आले आहेत. पण सही-शिक्क्याचा कागद आणून मार्क मिळणार असतील, तर त्याचीही जर्नलसारखीच गत व्हायची. इथे गावकारभाऱ्यांनी मनावर घ्यावे. पाणीपट्टीची थकबाकी, दूध संस्थेची बिले, सोसायटीचे सभासद खाते, यातले एखादे काम दोन पोरांना सहा महिन्यांसाठी द्या. नावे आणि आधार क्रमांक झाकून द्या. मूळ वही मात्र चालूच ठेवा, संगणकावर भरवसा नंतर. सचिवांनी दर आठवड्याला चूक दाखवावी, पोरांनी ती दुरुस्त करावी. मार्क देताना प्राध्यापकांनी सचिवांनाही विचारावे. बरेच प्राध्यापक स्वतःच तासिका तत्त्वावर राबतात; त्यांच्यावर हे नुसते लादून चालणार नाही, त्यासाठी वेळापत्रकात तास द्यावे लागतील.

आणि प्रवेशाची फी भरायला जाल तेव्हा कॉलेजात एवढे जरूर विचारा : तुमच्या पोरांनी केलेला कोणता प्रोग्राम आज कुठे चालू आहे? गाव सांगा, आम्ही जाऊन बघतो.