चढणीचे मासे आणि शाळकरी पोरं

कोकणात जूनचे पहिले मोठे पाऊस झाले, की वहाळ भरतात आणि मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, थेट भातखाचरांत चढू लागतात. हेच चढणीचे मासे. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी. साहजिकच लक्ष गोड्या पाण्याकडे वळतं. आईबापांमागून पोरंही गरवायला निघतात.

सामान ते किती! बांबूची काठी, तंगूस, गरी आणि उकिरड्याकडेला उकरलेली गांडुळं. गांडूळ ओवताना पोराचं तोंड हमखास वाकडं होतं. पण गरीचं टोक उघडं राहिलं आणि माशाने हूल दिली, की बोटं आपोआप धीट होतात. शिंगटी लागली तर घाई नको: तिच्या कल्ल्यांमागचे दोन काटे दातेरी असतात, ते चुकवून कसं धरायचं हे शेजारी बसूनच शिकवावं लागतं.

रात्री बॅटरी-कोयता घेऊन अंड्यांनी भरलेल्या माद्या पोतंभर मारायच्या, याला मात्र मजा म्हणवत नाही. पोरांना त्यापेक्षा मरळ दाखवावी. तिची तांबूस पिल्लं घोळक्याने पृष्ठभागावर तरंगतात आणि खाली मोठी मरळ राखण करते. तिला पकडलं, तर पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. गरी तिथे टाकायची नाही.

आणि वहाळाचं पाणी गढूळ होऊन चढू लागलं, की मासा लागलेला असो वा नसो, काठ सोडायचा.