हिरवळीला उशिरा खत? जरा थांबा!

काळीपूजा झाली की कोलकात्यात पहाटे दव पडू लागतं. आमच्या सोसायटीतली हरळी, म्हणजे आपली दूर्वाच, पिवळसर दिसली म्हणून एका डिसेंबरात मी युरिया टाकला. तोही दवानं ओल्या पात्यांवर! करपलेले चट्टे सरस्वतीपूजेपर्यंत भरले नाहीत. मुलं बसली ती मातीवरच.

रात्रीचा पारा 15 अंशांच्या आसपास उतरला की हरळीची वाढ मंदावते, मग नत्र घेणार कोण? आणि युरियात ते तब्बल 46 टक्के! शेवटचा हप्ता पाऊस ओसरताच, ऑक्टोबरात द्या: चौरस मीटरला 10 ग्रॅम, कोरड्या गवतावर, वर लगेच भरपूर पाणी. नंतर चाळलेलं, कुजलेलं शेणखत पातळ पसरलं तरी पुरे. पुढचा युरिया थेट फाल्गुनात. तोवर थोडी पिवळी दिसली तर दिसू द्या हो!