पोप कोण, की पोप कसा?

पोप फ्रान्सिस हे ता. २१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, रोम येथे निवर्तले. त्यांचा अंत्यविधी ता. २६ रोजी व्हावयाचा होता. परंतु जगातील वृत्तपत्रांस तेवढाही धीर निघाला नाही. शव दर्शनाकरिता ठेवलेले असतानाच 'आता गादीवर कोण?' ह्या प्रश्नाचा बाजार सर्वत्र भरला. इटलीचे पारोलीन येणार, की फिलिपाइन्सचे टागले? बोलोन्याचे झुप्पी, हंगेरीचे एर्डो, की घानाचे टर्कसन? अशा याद्या रोज नव्या क्रमाने छापून येऊ लागल्या. शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ, वय व वजन ज्या बारकाईने छापतात, त्याच बारकाईने ह्या वयोवृद्ध धर्मगुरूंची वये, मते व दुखणी छापली गेली. लोक नुसते बोलूनही थांबले नाहीत. इंटरनेटवरील सट्टाबाजारांत ह्या एका प्रश्नावर कोट्यवधी डॉलर लागले.

पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊकच आहे. ता. ७ मे रोजी १३३ कार्डिनल सिस्टाइन प्रार्थनामंदिरात शिरले, दुसऱ्याच दिवशी चौथ्या मतदानात निकाल लागला, आणि सज्जात येऊन उभे राहिले ते अमेरिकेत शिकागो शहरी जन्मलेले व आयुष्याची बरीच वर्षे पेरू देशात मिशनरी व बिशप म्हणून घालविलेले रॉबर्ट प्रिव्होस्ट. त्यांनी चौदावे लिओ हे नाव धारण केले. त्यांचे नाव कोणत्याच यादीत नव्हते असे नाही. परंतु ते अग्रभागी नव्हते, आणि सट्ट्यात त्यांचा भाव अगदीच पडलेला होता. 'महासत्तेच्या नागरिकाच्या हाती हे पीठ कधीही जावयाचे नाही', हे सूत्र पंडितांनी एकमेकांचे वाचून इतक्या वेळा लिहिले होते की, त्यास पुराव्याचा आधार आहे की केवळ पुनरुक्तीचा, हे पाहण्याची कोणासच गरज भासली नाही.

रोममध्ये एक जुनी म्हण आहे : जो पोप म्हणून आत शिरतो, तो कार्डिनल म्हणूनच बाहेर पडतो. ही म्हण नेहमीच खरी ठरते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९३९ साली पाचेली ह्यांचे नाव सर्वतोमुखी होते, व ते एका दिवसात निवडून आले. २००५ साली राट्झिंगर ह्यांच्याविषयीचा तर्कही खरा ठरला. परंतु १९७८ च्या ऑक्टोबरात दोन इटालियन पक्षांची ओढाताण चालली असता पोलंडचे वोयतीवा निवडले गेले, आणि सुमारे साडेचारशे वर्षांत प्रथमच इटलीबाहेरचा मनुष्य पोप झाला. २०१३ साली तर इटलीतील बिशपांच्या परिषदेने मिलानचे स्कोला निवडून आले असे समजून त्यांच्या अभिनंदनाचे पत्रकही धाडून दिले. प्रत्यक्षात निवडून आले होते अर्जेंटिनाचे बेर्गोलिओ, म्हणजेच पोप फ्रान्सिस. ज्यांचा रोजचा व्यवहार त्याच वर्तुळात, त्यांची ही स्थिती. मग दूरदेशीच्या भविष्यवाद्यांची गोष्ट बोलावयासच नको!

शिवाय मनुष्य बरोबर ओळखला तरी त्याचे कार्य ओळखले असे होत नाही. १९५८ साली ७६ वर्षांचे रोंकाल्ली निवडून आले, तेव्हा 'हे चार दिवस गादी सांभाळतील व पुढच्याची वाट मोकळी करतील', असाच बहुतेकांचा हिशेब होता. ह्याच तेविसाव्या जॉन पोपनी तीन महिन्यांच्या आत धर्मपरिषदेची घोषणा केली, आणि १९६२ साली भरलेल्या त्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिक पंथाच्या उपासनेची भाषादेखील बदलून टाकली. म्हाताऱ्याचे वय मोजणाऱ्यांस त्याच्या मनाचे वजन करता आले नाही.

आमच्या व्यापारी वाचकांस एक गोष्ट येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. पोपच्या निवडणुकीवर पैसा लावण्याचे वेड आजचे नव्हे. सोळाव्या शतकात रोममध्ये हा धंदा इतका माजला होता की, चौदाव्या ग्रेगरी पोपना १५९१ साली आज्ञापत्र काढून त्यास बंदी करावी लागली, व ती मोडणाऱ्यास धर्मबहिष्काराची शिक्षा ठेवावी लागली. कापसाच्या किंवा तेलबियांच्या सौद्यात निदान पाऊस, पीक व मागील भाव ह्यांचे काही ज्ञान हाती असते. येथे मत देणारे कुलपात बंद, मते गुप्त, आणि गुप्ततेची शपथ घेतलेली! अशा ठिकाणी पैसा लावणारा मनुष्य बुद्धीवर धंदा करीत नाही. तो कुजबुजीवर जुगार खेळतो.

कोणी म्हणेल की, सुमारे १४० कोटी अनुयायी असलेल्या पंथाचा प्रमुख कोण होणार, ह्याची उत्सुकता लोकांस वाटू नये काय? अवश्य वाटावी. आमची तक्रार उत्सुकतेविषयी नाही, तिच्या दिशेविषयी आहे. 'कोण?' हा प्रश्न चटकदार खरा. पण त्याचे उत्तर धूर पांढरा निघाला की आपोआप मिळते, व त्या क्षणी सर्व याद्या रद्दीत जातात. 'कसा?' हा प्रश्न त्याच्या आधीही असतो व नंतरही राहतो. शेकडो वर्षे जुनी ही गादी दर खेपेस रिकामी होते, आणि दर खेपेस थोड्याच दिवसांत निर्विवादपणे भरते, हे घडते कसे? ह्याचे उत्तर कोणा एका कार्डिनलाच्या चरित्रात नाही. ते नियमांत आहे. आणि ते नियम ऋषींना मंत्र स्फुरावेत तसे कोणास स्फुरलेले नाहीत. त्यांतील एकेक कलमामागे एकेक फजितीचा इतिहास आहे.

प्रारंभी रोमचा बिशप रोमचे धर्माधिकारी व लोक मिळून निवडीत. त्यात सरदारांच्या टोळ्या व बादशहांच्या फौजा शिरल्या, तेव्हा १०५९ साली दुसऱ्या निकोलस पोपनी निवडीचा मुख्य अधिकार कार्डिनलांकडे दिला. पुढे ११५९ साली कार्डिनलांतच फूट पडून एकाच वेळी दोन पोप उभे राहिले. त्या भांडणात अखेर टिकाव धरलेल्या तिसऱ्या अलेक्झांडर पोपनीच ११७९ साली दोन-तृतीयांश मतांचा नियम केला. स्वतः ठेच खाल्लेल्या मनुष्याने मागून येणाऱ्यांच्या वाटेतील धोंडा काढावा, तसेच हे झाले.

ह्यापेक्षाही बोधप्रद कथा व्हितेर्बो शहराची आहे. १२६८ च्या नोव्हेंबरात तेथे पोप चौथे क्लेमंट वारले. कार्डिनल जमले; पण फ्रान्सच्या बाजूचे व विरुद्ध बाजूचे असे तट पडून महिन्यांमागून महिने गेले, तरी कोणाचेच नाव ठरेना. अखेर शहरचे लोक खवळले. त्यांनी कार्डिनलांस वाड्यात कोंडले, अन्नपाणी तोडत आणले, आणि तरीही निर्णय होईना तेव्हा वाड्याचे छप्परच उतरविले! १ सप्टेंबर १२७१ रोजी, म्हणजे सुमारे ३३ महिन्यांनी, सहा जणांच्या समितीने तेओबाल्दो व्हिस्कोंती ह्यांस निवडले. हे गृहस्थ कार्डिनल नव्हते, त्यांस पुरोहिताची दीक्षाही मिळालेली नव्हती, आणि ते त्या वेळी दूर एकर बंदरी होते. गादी रिकामी राहिल्याने व्यवहार कसा खोळंबतो ह्याचे एक उदाहरण व्यापाऱ्यांस रुचेल. व्हेनिसचे पोलो बंधू कुब्लाई खानाचे पोपच्या नावे असलेले पत्र घेऊन आले होते. पण पत्र घ्यावयास पोपच नाही! वाट पाहून कंटाळल्यावर ते तरुण मार्कोला बरोबर घेऊन परत निघाले, व त्यांस पत्राचे उत्तर दिले ते एकर येथे ह्याच तेओबाल्दो ह्यांनी.

हेच तेओबाल्दो दहावे ग्रेगरी झाले, आणि त्यांनी १२७४ साली लिआँच्या धर्मपरिषदेत कायदा केला. पोप वारल्यावर दहा दिवस थांबावे. नंतर कार्डिनलांनी एकत्र बंद राहावे. तीन दिवसांत निकाल न लागल्यास जेवणास एकच पदार्थ मिळावा. आणखी पाच दिवस गेल्यास केवळ भाकर, पाणी व मद्य. आणि गादी रिकामी असेतोपर्यंत कार्डिनलांनी धर्मपीठाच्या उत्पन्नास हात लावू नये. व्हितेर्बोच्या नागरिकांनी रागाने जे केले, तेच पुढे शास्त्र झाले. 'काँक्लेव्ह' ह्या शब्दाचा अर्थच किल्लीने बंद करता येणारी खोली असा आहे. ह्या कायद्याचा जाच वाटून तो १२७६ मध्ये गुंडाळला गेला, तो काय? १२९२ पासून पुन्हा दोन वर्षांवर गादी ओस पडली! तेव्हा पाचव्या सेलेस्तीन पोपनी तो कायदा १२९४ साली पुन्हा जागा केला. कायदा मोडला की जुना रोग परत येतो, ह्यास ह्याहून उघड पुरावा कोणता पाहिजे?

परसत्तेच्या ढवळाढवळीचे प्रकरणही असेच आहे. ऑस्ट्रिया, फ्रान्स व स्पेन येथील राजे नको त्या उमेदवारास मना करण्याचा हक्क सांगत. १९०३ साली क्राकोचे कार्डिनल पुझिना ह्यांनी ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या वतीने रामपोल्ला ह्यांच्या नावास भर सभेत हरकत घेतली. निवडून आले ते सार्तो, म्हणजे दहावे पायस. आणि ज्यांस त्या हरकतीचा लाभ झाला त्याच गृहस्थांनी पुढल्याच वर्षी तो हक्क कायमचा बंद केला. आपल्या घरचा कारभारी कोण असावा हे परक्या राजाने सांगू नये, ही गोष्ट आम्हां हिंदी लोकांस समजावून सांगावी लागेल असे नाही.

अलीकडची कलमेही कायदेपंडिताने अभ्यासावी अशी आहेत. ८० वर्षे पूर्ण झालेल्या कार्डिनलास मत नाही, असे सहाव्या पॉल पोपनी १९७० साली ठरविले. दुसऱ्या जॉन पॉल पोपच्या १९९६ च्या घटनेप्रमाणे, पोप हयात असता त्यास न विचारता त्याच्या वारसाविषयी बेत करणे, मतांची वचने देणे हे सर्व मना आहे. लाच देऊन निवड घडविणारे धर्मबहिष्कृत होतात. परंतु निवड मात्र रद्द होत नाही! वरवर पाहता हे विचित्र वाटते. पण हेतू असा की, लाचेचा नुसता आरोप करून कोणास पोपच्या अधिकाराविषयीच वाद उभा करता येऊ नये. त्याच घटनेत, बरीच मतदाने निष्फळ झाल्यास साध्या बहुमताने निकाल करण्याची सवलत होती. तिच्यायोगे बहुमतवाल्यांनी केवळ हटून बसावे आणि दुसऱ्यांची समजूत घालण्याचे श्रम टाळावेत, असा धोका होता. तेव्हा सोळाव्या बेनेडिक्ट पोपनी २००७ साली ती काढून टाकली. म्हणून २०२५ साली १३३ पैकी ८९ मते मिळविणे भागच होते.

इतके सांगितल्यावर ह्या पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत. नाहीतर ते विवेचन नव्हे, स्तोत्र होईल. मतदारांची संख्या १२० हून अधिक नसावी असा नियम असता पोप फ्रान्सिस ह्यांनी ती ओलांडू दिली, आणि 'नेमणुकीतच सवलत अंतर्भूत आहे' असा ठराव करून कार्डिनलांस ३० एप्रिल २०२५ रोजी ती त्रुटी बुजवावी लागली. १३३ पैकी १०८ मतदार गेलेल्या पोपनी स्वतः नेमलेले होते. ज्याची जागा भरावयाची त्यानेच मतदार निवडावेत, ही व्यवस्था लोकमताच्या कसोटीस उतरणारी नव्हे. आणि स्त्रिया? मार्च २०२५ मध्ये व्हॅटिकन राज्याच्या कारभाराचे प्रमुखपद सिस्टर राफाएल्ला पेत्रिनी ह्या जोगिणीकडे आले. परंतु दोनच महिन्यांनी त्याच राज्याचा अधिपती निवडावयाची वेळ आली, तेव्हा त्यांस मत नव्हते. कारभारास लायक, पण मतास नालायक, हा न्याय कोणत्याही धर्मात असो, तो फार दिवस टिकावयाचा नाही.

ह्या सगळ्याशी आमचा संबंध काय, असे विचारणारासही उत्तर आहे. गोव्यात, वसईत व मुंबईत शेकडो वर्षे नांदणारा ख्रिस्ती समाज आमचाच आहे. २०२५ च्या निवडणुकीत मत देणाऱ्या चार हिंदी कार्डिनलांत गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव हे होते. २०१३ साली मत दिलेले मुंबईचे ओस्वाल्ड ग्रेशियस ह्यांस मात्र ह्या खेपेस मत नव्हते; कारण २४ डिसेंबर २०२४ रोजी त्यांस ८० वर्षे पूर्ण झाली होती. चार महिन्यांच्या फरकाने हक्क गेला. परंतु कोणी अर्ज-विनंत्या केल्या नाहीत, की अपवादाची मागणी झाली नाही. कायदा व्यक्तीहून मोठा असणे म्हणजे काय, ते येथे दिसते.

आता आमच्या घराकडे पाहावे. आमच्याकडे मठाचा महंत, देवस्थानचा प्रमुख, शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष किंवा पेढीचा कर्ता पुरुष आजारी पडला की 'पुढे कोण?' ह्याची खलबते सुरू होतात. संस्थेची घटना काय सांगते, सभासदांची यादी पुरी आहे काय, गणसंख्या किती, वाद पडल्यास तोड कोणती, हे विचारणारा मनुष्य मात्र अपशकुनी ठरतो! मग तेराव्यापर्यंतही दम न धरता दोन तट पडतात, दोघेही आपापले अध्यक्ष निवडतात, दप्तरास कुलूप लागते, आणि दानशूरांनी दिलेला पैसा वर्षानुवर्षे दाव्यांच्या खर्चात मुरतो. व्हितेर्बोचे कार्डिनल आमच्या गावोगावी आहेत. छप्पर उतरविणारे नागरिक तेवढे नाहीत.

तेव्हा पुढच्या खेपेस सिस्टाइन मंदिराच्या धुराड्याकडे जग डोळे लावून बसेल, त्या वेळी आमच्या वाचकांनी याद्या वाचाव्यात, करमणूकही करून घ्यावी. सट्टा मात्र खेळू नये. त्यापूर्वी, आणि शक्य तर ह्याच आठवड्यात, आपण ज्या संस्थेचे सभासद असाल तिच्या घटनेची प्रत मागवून वारसाविषयीचे कलम वाचावे. कलम नसेल तर कर्ता पुरुष धडधाकट असतानाच ते करून घ्यावे. गादी रिकामी झाल्यावर प्रत्येक कलमास कोणाच्या तरी नावाचा वास येऊ लागतो.