मागच्या सीटवरून

मैत्रिणींनो,

या वेळचं संपादकीय लिहायला उशीर झाला. त्याचं कारण सांगताना थोडा संकोच वाटतो आहे. अंकाचं काम बाजूला ठेवून जुलैतल्या एका बुधवारी आम्ही पाच जणी पावसात भटकायला गेलो होतो. पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट उतरून विळ्यापर्यंत, आणि परत. दोन मोटारसायकली आणि एक स्कूटर. शिबिर नव्हतं, मोर्चा नव्हता, कोर्टाची तारीख नव्हती. कुणाच्या सासरी जाऊन बोलणी करायची नव्हती. नुसतंच जायचं होतं.

गेली तीस वर्षं मी एसटीनं महाराष्ट्रभर हिंडते आहे. रात्री-अपरात्री स्टँडवर बसून काढल्या, घरच्यांनी कधी अडवलं नाही. या गोष्टीचा मला अभिमानही होता. पण या वेळी जाऊबाईंनी सहज विचारलं, "कशासाठी जाताय?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा लक्षात आलं, की मला मोकळीक होती ती कामासाठी होती. काम काढून घेतलं तर मीही इतर बायांसारखीच दारात उभी राहून कारण शोधत होते.

आमच्यातली एक नर्स आहे, एक कायद्याचं शिकणारी मुलगी, एक निवृत्त शिक्षिका, एक चार घरी धुणीभांडी करणारी, संघटनेतली जुनी कार्यकर्ती, आणि मी. पावसाची तयारी पाऊण तासात झाली. टायर पाहिले, ब्रेक तपासले, मोबाइल प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळले. हेल्मेटखाली अंबाडा मावेना म्हणून दोघींनी वेण्या घातल्या. झालं.

माणसांची तयारी मात्र आठवडाभर चालली होती. रविवार टाळला, कारण रविवारी घाटात बाटल्या घेऊन कोण कोण येतं ते आपल्याला माहीत आहे. अंधाराच्या आत परतायचं ठरवलं. कायद्याच्या विद्यार्थिनीनं घरी 'मैत्रिणींबरोबर जाते' एवढंच सांगितलं, कशावर बसून ते सांगितलं नाही. नर्सनं दोन रात्रपाळ्या जास्तीच्या कबूल करून सुट्टी मिळवली. चार घरी काम करणारीनं चारही घरी 'नात्यात मयत झालंय' असं सांगितलं. मी म्हटलं, "अगं, खरं सांगायचं की." ती म्हणाली, "ताई, आम्हाला सुट्टी मिळते ती आजारपणाची नाहीतर मयताची. फिरायला जाते म्हटलं तर दुसरी बाई बघतील." वस्तीतून ती साडी नेसून निघाली, शिक्षिकाबाईंच्या घरी लेकीचा पंजाबी ड्रेस चढवला आणि संध्याकाळी तिथंच पुन्हा साडी नेसून घरी गेली.

पाच जणींच्या एका दिवसाच्या भटकंतीला इतक्या थापा लागल्या. आपण बायका खोटारड्या आहोत म्हणून नव्हे. 'मला जावंसं वाटतं' हे कारण कुणाच्या हिशेबात धरलेलं नाही, म्हणून. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं: बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर तुम्हाला एकटीनं जाऊ देतात का? तिन्ही ठिकाणी जाऊ देतात असं सांगणाऱ्या देशभरात ४२ टक्केच निघाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त बायकांना कामासाठीसुद्धा मुभा नाही. मग बिनकामाचं कोण विचारणार? पाहणीतही तो प्रश्न नाही.

मी नर्सच्या मोटारसायकलवर मागे बसले होते. आयुष्यभर मागेच बसत आले. आधी वडिलांच्या सायकलवर, मग नवऱ्याच्या स्कूटरवर, तेही बरीच वर्षं एका बाजूला पाय सोडून. घाटाच्या वळणावर तसं बसणं किती धोक्याचं असतं ते चालवणाऱ्याला विचारा, सगळा भार एकीकडे येतो. पण 'बाईच्या जातीनं' दोन्हीकडे पाय टाकून बसू नये, हे आम्हाला तोल सांभाळण्याआधी शिकवलं होतं.

मागे बसून पायाजवळची ती लोखंडी जाळी बघत होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ असा आहे: प्रत्येक मोटारसायकलला उत्पादकानं मागच्या माणसाला धरायला मूठ द्यावी, पाय ठेवायला जागा द्यावी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकावा, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. नियम चांगला आहे. पदर चाकात जाऊन काय होतं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना तो किती गरजेचा आहे ते पटेल. नियमात 'बाई' हा शब्द कुठंही नाही. पण ते कपडे कुणाचे हे सगळ्यांना कळतं, म्हणून तर त्या जाळीला आपण साडीगार्ड म्हणतो. कायद्यानं आपल्या पदराची काळजी घेतली, पण ती आपण मागेच बसणार हे गृहीत धरून.

पौडच्या पुढे दोन्ही बाजूंना भातलावणी चालू होती. गुडघाभर चिखलात ओळीनं वाकलेल्या बायका, डोक्यावरून प्लास्टिकच्या खोळी घेतलेल्या. इरली आता क्वचितच दिसतात. त्यांच्या शेजारून रेनकोट घालून आम्ही मजेत चाललो होतो, हे खटकत होतं. आमचा पाऊस आणि त्यांचा पाऊस एक नव्हता. हे विसरून स्वातंत्र्याच्या गप्पा मारायच्या नाहीत, एवढं तरी चळवळीनं आपल्याला शिकवलं आहे.

घाटाच्या अलीकडे कणसं भाजणाऱ्या एका बाईंच्या टपरीवर थांबलो. त्याआधी पेट्रोलपंपावरच्या बायकांच्या संडासाला कुलूप होतं आणि किल्ली 'साहेबांकडे' होती. या बाईंनी काही न विचारता घरामागचा संडास दाखवला, बादलीभर पाणी दिलं. मग विचारलं, "संगं कुणी गडी माणूस न्हाई?"

"नाही मावशी."

"मग कुठं निघालाय?"

"अशाच."

"अशाच म्हंजी?" असं म्हणून त्या हसल्या. त्या हसण्यात टोमणा नव्हता. पहिल्यांदाच काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं त्यांना.

त्यांची मुलगी बारावीला आहे, पौडला कॉलेजात जाते. पावसाळ्यात एसटीची फेरी चुकते, दरड आली की रस्ताच बंद. मग मुलगी घरी बसते. भावाला वेळ असला तर तो सोडतो. दारात मोटारसायकल उभी होती. आमच्या नर्सनं विचारलं, "हिला नाही का शिकवली चालवायला?" मावशी म्हणाल्या, "मागं बसाया येतंय की तिला."

मुलगी काहीच बोलली नाही. कणसाला लिंबू-मीठ चोळत राहिली. पण आम्ही निघालो तेव्हा रस्त्यापर्यंत आली आणि नर्सला हळूच विचारलं, "गिअर कसा टाकतात?" नर्सनं गाडी बंद केली, तिचा पाय धरून दोनदा दाखवलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

घाटात धबधब्याच्या वळणावर शिक्षिकाबाईंची स्कूटर चिखलावरून घसरली. वेग नव्हता, कोपर खरचटलं एवढंच. मागून आलेली गाडी थांबली, चौघे उतरले. त्यांनी स्कूटर उचलून दिली, त्याबद्दल आभार. पण जाता जाता एक जण म्हणाला, "मॅडम, या वयात, पावसात, कशाला हे उद्योग?" पुढच्या वळणावर दोन मुलगेही तसेच घसरून पडलेले दिसले. तेच लोक तिथंही थांबले होते. त्यांना मात्र कुणी विचारत नव्हतं, कशाला आलात म्हणून. 'जपून रे' म्हणून पाठीवर थाप मारत होते.

खरी गोष्ट परतताना घडली. शिक्षिकाबाईंनी पूर्ण बाह्यांचा स्वेटर चढवला. एकसष्ट वर्षांच्या, स्वतःच्या पेन्शनवर जगणाऱ्या बाई म्हणाल्या, "मुलाला दिसलं तर स्कूटरची किल्ली जाईल."

मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्याला नवीन नाही. बसमध्ये कुणी अंगाला हात लावला तर मुलगी घरी का सांगत नाही? कॉलेज बंद होईल म्हणून. बाईला काही झालं, तर पहिली शिक्षा तिच्या बाहेर जाण्याला होते. म्हणून आपण जखमा लपवतो आणि लपवलेल्या जखमांवर कुणी उपाय करत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' या मुंबईवरच्या पुस्तकात म्हटलं आहे, की बायकांनी नुसती सुरक्षितता मागू नये, धोका पत्करण्याचा हक्क मागावा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते शहरी, सुखवस्तू वाटलं होतं. त्या स्वेटरनं मला ते समजावलं. सुरक्षितता मागितली की घरी बसवतात. हक्क मागितला तर रस्ता नीट करावा लागतो, दिवे लावावे लागतात, संडासाचं कुलूप काढावं लागतं.

हे होऊ शकतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायका मोठ्या संख्येनं सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीतल्या. टोमणे त्यांनाही बसले, पण अक्षरं आणि सायकल त्यांनी वेगळी मानली नाही. २०११ मध्ये पुण्यातच मोटारसायकल चालवणाऱ्या बायकांचा 'बायकर्नी' हा गट उभा राहिला. या दोन टोकांच्या मधे आपल्या वस्त्या आणि गावं आहेत. दारात गाडी आहे, पण तिला शिकवायला कुणी नाही.

म्हणून एक सुचवते. बचतगटाच्या, मंडळाच्या, युनियनच्या प्रत्येक ठिकाणी पुढच्या तीन महिन्यांत निदान एका बाईनं दुसरीला गाडी चालवायला शिकवावं. सायकल असो, स्कूटर असो. शिकाऊ परवाना काढायला सोबत जावं. आणि एकदा तरी मिळून काही काम नसताना कुठंतरी जाऊन यावं. घरी खरं सांगून. ते सांगताना काय झालं, कोण काय म्हणालं, ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू.

मी सुरुवात केली आहे. शिकाऊ परवाना मिळाला. पहिल्याच दिवशी शिक्षिकाबाईंची स्कूटर सोसायटीच्या फाटकाशी आडवी पाडली आणि गुडघा फोडून घेतला. घरी सगळ्यांना दाखवला.

तुमची,
संपादक